हरिहरेश्वर ते दमण: वादळाची वाट कशी वाचायची

प्रश्न असा आला आहे: "श्रीवर्धनजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी होती. २०२०च्या निसर्ग चक्रीवादळाच्या वेळी दोन दिवस सगळे 'मुंबईला धोका' म्हणत होते आणि वादळ आमच्यावर आलं. आता मे महिना लागला की मोबाइलवर दहा रंगांच्या रेषा फिरायला लागतात, प्रत्येक वेगळीकडे जाणारी. तेव्हा अंदाज चुकला होता का? आणि यातली कुठली रेघ खरी मानायची?"

वादळांच्या वाटा आखण्यात माझी तीसेक वर्षं गेली, त्यातली बहुतेक अरबी समुद्राच्या नकाशावर. तुमचा पहिला प्रश्न मला रायगड-रत्नागिरीतल्या अनेकांनी विचारला आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. अंदाज चुकला नव्हता. तो तुमच्यापर्यंत अर्धाच पोचला.

१ जून २०२०च्या पहाटे पूर्व-मध्य अरबी समुद्रात, लक्षद्वीपच्या वरच्या अंगाला, कमी दाबाच्या क्षेत्राचं डिप्रेशन, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी, झालं. हवामान विभागाच्या सुरुवातीच्या बुलेटिनांत असं होतं, की हे वादळ ३ जूनला उत्तर महाराष्ट्र आणि दक्षिण गुजरातचा किनारा हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान ओलांडेल. हरिहरेश्वर ते दमण म्हणजे सुमारे २७० किलोमीटर. पुढे हा पट्टा आवळत 'अलिबागच्या जवळ, दक्षिणेला' असा झाला. प्रत्यक्षात ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या सुमारास वादळाचं केंद्र श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरलं. म्हणजे तुमचं गाव पहिल्यापासून त्या पट्ट्यात होतं, पट्ट्याच्या दक्षिण टोकाला. पण बातमीच्या मथळ्यात एकच नाव मावतं, आणि त्या २७० किलोमीटरमधलं सगळ्यात मोठं नाव मुंबई. ते ऐकून तुमच्या आळीतल्या लोकांनी 'आपल्याकडे नाही' असं समजून घेतलं. मला याचं आजही वाईट वाटतं.

आता हेही बघा. अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ रेषेत साधारण ६५ किलोमीटर. आज आपल्याकडे वादळाच्या केंद्राच्या २४ तास आधीच्या अंदाजात सरासरी ७५ किलोमीटरच्या आसपास फरक पडतो. ४८ तास आधी तो सव्वाशेच्या जवळ जातो, ७२ तास आधी दीडशेच्या पुढे. मी या कामात आलो तेव्हा २४ तासांच्या अंदाजातच दीडशे किलोमीटरची चूक सर्रास होती, म्हणजे सुधारणा मोठी आहे. तरीही अलिबाग की श्रीवर्धन हा फरक आदल्या दिवशीच्या सरासरी चुकीपेक्षाही लहान आहे. नकाशावर ती करंगळीएवढी जागा. वाडीवाल्यासाठी मात्र त्यात तीस वर्षांची झाडं येतात.

आपल्या किनाऱ्याची एक वेगळी अडचण आहे आणि ती फार कमी वेळा समजावून सांगितली जाते. एक कागद घ्या. त्यावर किनारा म्हणून उभी रेघ मारा. रेघेपासून १०० किलोमीटर डावीकडे, समुद्रात, वादळाचं टिंब काढा. हे वादळ किनाऱ्याशी ३० अंशांचा कोन करून वर सरकतंय असं धरा. मग ते सुमारे १७५ किलोमीटर उत्तरेला जाऊन किनाऱ्याला लागेल. आता कोन फक्त १० अंशांनी कमी करा, २० अंश. ते लागेल २७५ किलोमीटर उत्तरेला. दहा अंशांच्या फरकात किनाऱ्यावर १०० किलोमीटरचा फरक! याउलट २०१३चं फायलिन बंगालच्या उपसागरातून वायव्येकडे, ओडिशाच्या किनाऱ्यावर जवळजवळ समोरून आलं. तिथे हाच दहा अंशांचा फरक पडला असता, तर १०० किलोमीटरवरून आलेलं केंद्र फार तर १७-१८ किलोमीटर इकडे-तिकडे झालं असतं. फायलिन गोपाळपूरजवळ किनाऱ्याला लागण्याआधी दहा लाखांच्या आसपास माणसं हलवता आली. त्यामागे ओडिशाने १९९९च्या महाचक्रीवादळानंतर घेतलेले कष्ट आहेतच, पण समोरून येणाऱ्या वादळाचा 'कुठे' हा भाग तुलनेने सोपा असतो हेही आहे. कोकणात वादळ किनाऱ्याला घासत, तिरकं येतं. त्यामुळे गावाचं नाव घेऊन अंदाज सांगणं इथे फार अवघड, आणि म्हणूनच बुलेटिनमध्ये 'अमुक ते तमुक यांच्या दरम्यान' असं लिहितात. ते शब्द भोंगळ वाटतात, पण त्यांच्यामागे बराच हिशेब असतो.

वादळाला वाट दाखवतं कोण? ओढ्यातला भोवरा पाहिला असेल. भोवरा गरगर फिरतो, पण पुढे सरकतो तो ओढ्याच्या धारेबरोबर. चक्रीवादळाचंही मोठ्या प्रमाणात तसंच. त्याच्या भोवतालच्या हवेचा, जमिनीपासून दीड किलोमीटर ते बारा किलोमीटर उंचीपर्यंतचा जो सरासरी प्रवाह असतो, तो त्याला नेतो. त्याखेरीज पृथ्वीच्या फिरण्यामुळे वादळाला स्वतःचीही एक लहानशी ओढ असते. अगदी स्थिर हवेतसुद्धा उत्तर गोलार्धातलं वादळ तासाला पाच-दहा किलोमीटर वेगाने वायव्येकडे सरकत राहील. म्हणून अरबी समुद्रात जन्मलेली कित्येक वादळं ओमान-येमेनकडे जातात. ती आपल्याकडे वळायला दोन गोष्टी लागतात: पूर्वेला, म्हणजे भारतावर, उच्च दाबाचं क्षेत्र आणि वायव्येकडून येणारी पश्चिमी वाऱ्यांची द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा लांबट पट्टा. या दोहोंच्या मधून वादळ आधी उत्तरेला आणि मग ईशान्येला ओढलं जातं. निसर्ग असंच आलं. म्हणजे ३ जूनला वादळ कुठे असेल हे सांगायचं, तर इराण-अफगाणिस्तानच्या डोक्यावरची द्रोणी किती वेगाने पूर्वेला सरकते हे आधी बरोबर धरावं लागतं. त्यात सहा तासांची चूक झाली की इकडे वळण चुकतं.

सगळ्यात त्रासदायक असतं ते दोन उच्च दाबांच्या कात्रीत सापडलेलं वादळ. दोन्हीकडून ढकलणारे वारे एकमेकांना मारतात, मधली हवा जवळजवळ थांबते, आणि मग कुठल्याही बारीक कारणाने ते इकडे किंवा तिकडे कलतं. २०१९च्या जूनमधलं वायू आठवा. ते सौराष्ट्राच्या किनाऱ्याला वेरावळ-पोरबंदरच्या बाजूला धडकणार म्हणून जवळपास तीन लाख लोकांना हलवलं होतं. शेवटच्या दिवशी ते पश्चिमेला सरकलं आणि किनाऱ्याला समांतर निघून गेलं. चार-पाच दिवसांनी पुन्हा ईशान्येला वळलं, पण तोवर त्यातला जीव गेला होता. तेव्हा 'उगाच घाबरवलं' अशी टीका झाली. मी तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, त्या दिवशी हाताशी जी माहिती होती तिच्यावर माणसं हलवणं हाच एकमेव योग्य निर्णय होता. तीन लाख लोकांना दोन रात्री शाळेत काढाव्या लागल्या हा त्रास खरा आहे. पण उलटं झालं असतं तर त्याची भरपाई कशानेच झाली नसती.

वादळाचा जोर आणि त्याची वाट यांचाही संबंध असतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. जोरदार वादळ उंचच उंच असतं, त्याला वरपासून खालपर्यंतचे वारे नेतात. ते दुबळं झालं की बुटकं होतं आणि मग खालच्या थरातल्या वाऱ्याच्या हाती जातं. हे वारे पुष्कळदा अगदी उलट दिशेचे असतात. २०१३च्या डिसेंबरात बंगालच्या उपसागरातलं मादी उत्तरेला चढत गेलं, तिथे क्षीण झालं, आणि गर्रकन मागे फिरून नैऋत्येला, तामिळनाडूतल्या वेदारण्यमजवळ जाऊन संपलं. जोराचा अंदाज चुकला तर वाटेचाही चुकतो, तो असा.

आता तुमच्या मोबाइलवरच्या रंगीत रेषा. मॉडेल म्हणजे आत्ताच्या हवेची स्थिती घेऊन पुढची हवा गणिताने काढणारा संगणकाचा प्रोग्रॅम. युरोपचं वेगळं, अमेरिकेचं वेगळं, ब्रिटनचं वेगळं. आपल्याकडेही आहेत, पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने घडवलेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' २०२५च्या मे महिन्यापासून सहा किलोमीटरच्या जाळीवर चालते. पण मॉडेल कितीही बारीक असलं, तरी सुरुवातीचं टिंब कुठे ठेवायचं हा प्रश्न उरतो. आपल्या समुद्रावर अमेरिकेसारखी वादळात शिरून मोजमाप घेणारी विमानं नेहमी जात नाहीत. इन्सॅटच्या चित्रांवरून, समुद्रपृष्ठावरचे वारे मोजणाऱ्या उपग्रहांवरून, आणि वादळ जवळ आलं की मुंबई-गोव्याच्या डॉप्लर रडारवरून केंद्र ठरवलं जातं. वादळ कोवळं असतं तेव्हा त्याला डोळा नसतो, वर ढगांचा गच्च पापुद्रा असतो, आणि खालचं केंद्र तिसरीकडेच लपलेलं असतं. अशा वेळी दोन अनुभवी माणसांनी ठरवलेली केंद्रं तीस-चाळीस किलोमीटरनी वेगळी आली तर मला नवल वाटत नाही. मी स्वतः रात्री दोनला ठरवलेलं केंद्र पहाटेच्या उपग्रह-चित्रावर खोडून पुन्हा काढलेलं आहे, एकदा नाही, पुष्कळदा.

ही शंका लपवण्यापेक्षा मोजावी, म्हणून एकच मॉडेल अनेकदा चालवतात. दर वेळी सुरुवात किंचित बदलून. युरोपीय केंद्र अशा ५१ धावा घेतं. त्या सगळ्या एका नकाशावर काढल्या की शेवया सांडल्यासारखं चित्र दिसतं आणि तेच तुमच्या व्हॉट्सॲपवर येतं. त्यात एक रेघ शोधू नका. शेवया किती पसरल्या आहेत ते बघा. सगळ्या एका जुडीत असतील तर वाटेबद्दल खात्री बरी. आणि दोन जुड्या झाल्या असतील तर फार सावध व्हा. अर्ध्या ओमानकडे, अर्ध्या कच्छकडे असं असेल तर त्यांची सरासरी भर समुद्रात पडते, जिकडे एकही धाव जात नाही! २०२३चं बिपरजॉय जन्मल्यावर मॉडेलांत असाच बेबनाव होता, आणि म्हणून पहिले काही दिवस किनाऱ्याचं नाव घेण्याची घाई करणं धोक्याचं होतं. शेवटी ते १५ जूनच्या संध्याकाळी कच्छमधल्या जखाऊजवळ लागलं, जन्मानंतर नवव्या-दहाव्या दिवशी.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवरची मॉडेलंही आली आहेत. वाट सांगण्यात ती खरोखर चांगली निघाली आहेत, जोर सांगण्यात मात्र अजून कमी पडतात. मी ती रोज पाहतो, पण एकट्यावर कुणावर विसंबत नाही.

हवामान विभागाच्या नकाशावर पुढे पुढे रुंद होत जाणारा शंकू असतो. आपल्याकडे तो २००९पासून काढतात. तो म्हणजे वादळाचा आकार, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. मागच्या वर्षांत इतक्या तासांच्या अंदाजात सरासरी किती चूक झाली, त्या मापाची वर्तुळं वाटेवर मांडून तो शंकू होतो. म्हणजे तो फक्त केंद्राबद्दल बोलतो, आणि केंद्रसुद्धा कधीकधी त्याच्या बाहेर जातं. अमेरिकेत शंकूची मापं अशी ठरवतात की तीनात दोनदा केंद्र वर्तुळात सापडावं. म्हणजे तिसऱ्यांदा ते बाहेर असतं. शिवाय ही मापं मागच्या चुकांवरून आलेली असल्याने सरळमार्गी वादळाचा आणि वायूसारख्या चकवणाऱ्याचा शंकू सारख्याच रुंदीचा निघतो. चकवणारं वादळ ओळखायला शंकूऐवजी शेवया बघाव्या लागतात.

केंद्राच्या रेघेने होणारा घोटाळा तौक्तेने दाखवला. १७ मे २०२१ला तौक्तेचं केंद्र मुंबईच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर लांबून, समुद्रातूनच वर गेलं. ते जमिनीवर आलं रात्री, दीवच्या जवळ. रेघ पाहणाऱ्याला वाटेल, मुंबई वाचली. पण कुलाब्याला ताशी शंभर किलोमीटरच्या वर वाऱ्याचे झोत नोंदले गेले, सांताक्रूझला २४ तासांत २३० मिलिमीटर पाऊस झाला, आणि मुंबईच्या समुद्रात पी-३०५ हा कामगारांच्या राहण्याचा बार्ज बुडून कित्येक कामगार गेले. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत घरांची छपरं उडाली ती केंद्र तिथल्या किनाऱ्यावर कधीच न येता.

आणि आता ती गोष्ट, जी २ जून २०२०च्या रात्री मी स्वतः नीट सांगितली नाही. माझ्या मामेभावाचं घर दापोली तालुक्यात किनाऱ्याला आहे. टाळेबंदीचे दिवस, मी घरी नकाशा मांडून बसलेला. त्याचा फोन आला: "अलिबागला लागतंय ना रे? आपण तर नव्वद किलोमीटर खाली." मी म्हटलं, "हो, अंदाज अलिबागजवळचा आहे, पण सांभाळून राहा." हे 'पण सांभाळून राहा' काही कामाचं नव्हतं. मी त्याला सांगायला हवं होतं, की तू उजव्या बाजूला आहेस.

आपल्या गोलार्धात वादळातले वारे घड्याळाच्या उलट फिरतात. वादळ ज्या दिशेला चाललं आहे तिकडे तोंड करून उभे राहा: उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या हाताला वजाबाकी. ढोबळ हिशेबाने फिरणारा वारा ताशी ९० आणि वादळाची चाल २० धरली, तर उजवीकडे ११० आणि डावीकडे ७०. शिवाय उजवीकडचा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो, पाणी किनाऱ्यावर लोटतो. डावीकडचा जमिनीकडून समुद्राकडे जातो. निसर्ग ईशान्येला चाललं होतं, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताला अलिबाग आणि मुंबई, उजव्या हाताला हरिहरेश्वर, मंडणगड, दापोली. केंद्र ठरल्याहून थोडं दक्षिणेला आलं आणि ही सगळी गावं थेट जोराच्या अंगाखाली सापडली. मामेभावाच्या घराचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, गेले, आंब्याची कलमं गेली. माणसं वाचली. त्यानंतर मला कुणीही विचारलं की मी अंतराआधी बाजू सांगतो.

'कुठली रेघ खरी' याचं माझं उत्तर आता सांगतो. कमी दाबाचं क्षेत्र डिप्रेशन होण्याआधीच्या, आठ-दहा दिवस पुढच्या रेषा पूर्णपणे सोडून द्या. ज्या वादळाला अजून केंद्रच नाही त्याची वाट कुणालाच काढता येत नाही, आणि दर मे महिन्यात अशा रेषांनी किनाऱ्यावरची माणसं हकनाक घाबरतात. मग खऱ्या वादळाच्या वेळी तीच माणसं 'हे नेहमीचंच' म्हणतात, हे जास्त वाईट. डिप्रेशन झालं की दिल्लीचं केंद्र बुलेटिन काढायला लागतं, चक्रीवादळ झालं की दर तीन तासांनी. त्यामागे सगळी मॉडेलं शेजारी ठेवून, कुठलं मॉडेल या वादळाला सतत एकाच बाजूला ढकलतंय हे तोलणारी माणसं असतात. ती वाट धरा. पण एकच बुलेटिन वाचू नका, मागची दोन-तीन शेजारी ठेवा. किनाऱ्याला लागायची जागा दर वेळी थोडी थोडी दक्षिणेला सरकत असेल, तर पुढच्या वेळीही ती तिकडेच सरकू शकते असं धरून चाला. एकदा वर, एकदा खाली अशी हलत असेल तर मधली जागा ठीक. रडारवरच्या दोन चित्रांवरून स्वतः रेघ लांबवू नका. केंद्र सरळ चालत नाही, डुलत चालतं.

वेळेचंही तसंच. 'दुपारी लँडफॉल', म्हणजे केंद्र दुपारी किनाऱ्याला लागणार, याचा अर्थ दुपारपर्यंत हातात वेळ, असा नव्हे. केंद्र यायच्या सहा-आठ तास आधी वारा एवढा होतो की शिडीवर चढता येत नाही, होडी ओढता येत नाही. म्हणून होड्या वर घेणं, कौलं-पत्रे बांधणं, गुरं सोडणं हे सगळं आदल्या संध्याकाळी. आणि भरतीचं वेळापत्रक बघून ठेवा. तेच पाणी ओहोटीला आलं आणि भरतीला आलं यात घर आणि अंगण एवढा फरक पडतो.

तुमच्या बंदरावरचा वादळाच्या इशाऱ्याचा बावटाही वाचायला शिका. तीन नंबरचा बावटा सगळ्यांना माहीत असतो. पण पाच, सहा, सात यांचा अर्थ विचारला तर जुने तांडेल सोडून कुणी सांगत नाही. पाच म्हणजे बंदर वादळाच्या वाटेच्या डावीकडे राहील, सहा म्हणजे उजवीकडे, सात म्हणजे वादळ बंदरावरून किंवा अगदी जवळून जाईल. आठ, नऊ, दहा यांचा अर्थ त्याच क्रमाने, वादळ अधिक जोराचं असताना. मोबाइल नव्हते तेव्हापासून ही बाजू किनाऱ्यावर टांगली जाते आहे.

एक काम मात्र पावसाळ्याआधी करून ठेवा. अरबी समुद्राचा कोरा नकाशा घ्या, ज्यावर अक्षांश-रेखांशांच्या रेघा आहेत असा. बुलेटिनमध्ये केंद्राचे अक्षांश-रेखांश दिलेले असतात. दर तीन तासांनी पेन्सिलीने टिंब द्या आणि शेजारी वेळ लिहा. उभा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. अंदाजाची टिंबं वेगळ्या रंगाने काढा, म्हणजे काल सांगितलेलं आणि आज घडलेलं समोरासमोर दिसेल. श्रीवर्धन साधारण १८ अंश उत्तर, ७३ अंश पूर्व. तिथे आधी एक ठळक टिंब काढा, आणि त्याच्याभोवती १०० किलोमीटरचं वर्तुळ. अंदाजाची वाट त्या वर्तुळाला शिवली, की कुठल्या शहराचं नाव बातमीत आहे ते न बघता होड्या वर घ्यायला लागा.